किल्लीच्या बाजूची तार

दादाची गाडी बुटकी, लाल आणि दोनच माणसांची होती. तिच्यात बसायचं तर आधी कंबरेची परवानगी घ्यावी लागते, मग गुडघ्यांची, असं वहिनी म्हणायच्या. म्हातारपणात तिचा आवाज तेवढा तरुण राहिला होता. बाकी हॉर्न मनात आलं तर वाजे, आणि वायपर काचेच्या मध्यावर हात वर करून थांबत. दोष जुन्या फ्यूजबॉक्सचा होता. त्यातल्या पितळी चिमट्यांवर हिरवा गंज चढला होता, आणि एका जळलेल्या फ्यूजला कुणीतरी चांदीचा कागद गुंडाळून पुन्हा कामाला जुंपलं होतं.

"कुणीतरी म्हणजे मीच," दादा म्हणाला.

नवा बॉक्स बसवायचं दादाच्या धाकट्या भावाने अंगावर घेतलं. तो छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, हाताने काही केलं असं नव्हतंच. पण त्या गाडीचं एक जुनं पुस्तक त्याने मिळवून वाचून काढलं होतं, आणि दादाच्या एकदा तरी उपयोगी पडावं असं त्याला फार दिवस वाटत होतं.

"आमचा पंडित स्क्रूसुद्धा वाचून पिळतो," दादा सगळ्यांना सांगायचा. तरी गाडी त्याने पंडिताच्याच हवाली केली. स्वतःची बोटं आता थरथरत होती, आणि हल्ली तो विसरायलाही लागला होता. कधी नळ सुरू राही, कधी गॅस. वहिनींनी बजावून ठेवलं होतं, "आता एकदा जरी काही विसरलात, तर गाडीची किल्ली माझ्याकडे." दादा इतर सगळं सोडायला तयार होता. गाडी नव्हे.

धाकट्याने प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधली, जुना बॉक्स काढला आणि नवा बसवला. त्यातले फ्यूज चपटे, रंगीत आणि बोटाने ओढून काढता येतील असे होते. फक्त एका ठिकाणी तो अडला. पुस्तकात दिव्यांची तार कायम वीज असणाऱ्या बाजूला दाखवली होती. या गाडीत मात्र ती दुसऱ्या बाजूला निघाली, जिथे किल्ली फिरवल्यावरच वीज येते. दादा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होता. विचारता आलं असतं. पण एवढ्या मोठ्या यंत्रात आपल्याला चूक सापडली, या आनंदात धाकट्याने विचारलं नाही. त्याने तार पुस्तकातल्या जागी नेऊन लावली.

संध्याकाळी ऊन असतानाच दादा गाडी फिरवून आला तो शीळ घालतच. गाडी आत घेतली, मागे न बघता शटर ओढलं.

सकाळी गाडी सुरू होईना. साधा कण्हण्याचा आवाजही नाही. वहिनींनी वाकून पाहिलं, तर दिव्यांचं बटण ओढलेलंच होतं.

"रात्रभर दिवे चालू राहिले. बॅटरी उतरली."

"ते बटण मी कधीच बंद करत नाही," दादा म्हणाला. "किल्ली काढली की दिवे जातात. मीच तशी तार फिरवून घेतली होती, आपलं लग्न झालं त्या वर्षी."

"अहो, नळ बंद केला असंही तुम्ही असंच छातीठोकपणे सांगितलं होतं."

दादा धाकट्याकडे वळला. "पंडित, तू सांग हिला. तू तारा बघितल्यास."

धाकट्याचे कान तापले. सांगायला अर्धं वाक्य पुरलं असतं. पण वहिनी बघत होत्या, आणि त्याच्या नखांत कालचा काळा मळ तसाच होता. कुणाला तरी दिसावा म्हणून त्याने तो घासून काढला नव्हता.

"पुस्तकात तर तसं नाही," तो म्हणाला.

वाक्यातला शब्दन् शब्द बरोबर होता.

"असं होय," दादा म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढली आणि वाद न घालता वहिनींच्या हातावर ठेवली.

दुपारी जेवताना दादा मध्येच थांबला. "आपण पहिल्यांदा राहिलो त्या घराची खिडकी रस्त्याकडेच होती ना गं?"

"होती की."

"आणि जिन्याला हिरवा रंग?"

"हो. का हो?"

"काही नाही. विचारलं आपलं."

 धाकट्याने ताट सरकवलं.

"वहिनी, दादा काही विसरला नाही. तार त्याने सांगितलं तशीच होती. मी ती हलवली."

"म्हणजे तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"हो."

"भाऊजी, मी यांना तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही तिथेच उभे होतात."

 दादा ओरडेल, निदान एखादी कोपरखळी मारेल, म्हणून धाकटा वाट बघत राहिला.

"सकाळपासून मी एकेक जुनी आठवण काढून तपासतोय," दादा ताटाकडे बघत म्हणाला. "खरी किती, खोटी किती. तुझंच काम करत बसलो होतो म्हण."

मग दोघांनी मिळून तार जुन्या जागी लावली. बॅटरी दादाने धरली, चिमटे धाकट्याने. चार्ज झालेली बॅटरी जोडल्यावर वहिनींनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या.

अंधार पडता पडता दादा चक्कर मारून आला. गाडी आत घेतली. समोरच्या भिंतीवर दिव्यांचे दोन गोल पडले होते. त्याने किल्ली काढली आणि ते गेले.

"गेले बघा, वहिनी," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

दादा मात्र लगेच उतरला नाही. अंधारात त्याचा हात बटणाकडे गेला, चाचपडला, आणि त्याने ते आत ढकललं. दार उघडून एक पाय बाहेर टाकल्यावर तो पुन्हा वाकला आणि बटण आत आहे ना, ते बोटाने दाबून पाहिलं.

धाकट्याने नजर खाली वळवली. नखांतला मळ अजून गेला नव्हता.