तांबड्या रेघेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. तुम्ही आत्ता माझ्याकडे गोड हसून बघता आहात, त्यावरही नाही. राग मानू नका. संशय हा माझा धंदाच आहे. कारखान्यात घडवलेली वस्तू माझ्या जबड्यात देतात आणि मी ती दाबते, सोडते, पुन्हा दाबते, असं लाखो वेळा. एकदा दाबून न मोडणारा धातू लाखो वेळा दाबला की थकतो, आणि एक दिवस मुकाट्याने तुटतो. तो तुटायचाच तर माझ्याकडे तुटावा, कोणाच्या अंगात किंवा अंगाखाली नको, एवढ्यासाठी मला बनवलं.

माझा पाया ओतीव लोखंडाचा. ज्या फिटरने माझे दोन खांब उभे केले, तो प्रत्येक बोल्ट तीनदा आवळायचा, दारापर्यंत जायचा आणि परत येऊन चौथ्यांदा बघायचा. त्याचा वाण नाही, पण गुण लागला. पुढे मी या प्रयोगशाळेत आले. स्प्रिंगा, शिड्यांच्या बिजागऱ्या, सायकलींचे चिमटे असं बरंच काही मी मोडलं. पाहुणे आले की आधी माझ्यापुढे आणायचे. भिंतीवर माझा फोटोसुद्धा होता.

मग काचेच्या पडद्याची नवी मशीन आली. ती हळू बोलते, तेल सांडत नाही, सगळ्यांची लाडकी झाली. माझ्यावर प्लास्टिक पडलं आणि माझ्या पायावर लोक हेल्मेट आणि ओल्या छत्र्या ठेवू लागले. फार वाईट दिवस होते ते. चार वर्षांनी त्या लाडकीकडे कामाचा ढीग साचला, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

प्लास्टिक काढलं ते शंकासुराने. शंकासुर म्हणजे इथला जुना तंत्रज्ञ. कपाटाला कुलूप लावून तीन हिसके दिल्याशिवाय हा माणूस जेवायला जात नाही. त्याला माझा भरवसा नव्हता, मला त्याचा नव्हता. त्यामुळे आमचं छान जमलं.

काम होतं खुब्याच्या सांध्याचं. माणसाचा खुबा झिजला की डॉक्टर मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात, तिच्या टोकावर गोळा असतो. आमच्याकडच्या एका संशोधक मुलीने नवी, आखूड आणि बारीक दांडी तयार केली होती. हिला सगळे दशांश म्हणत, कारण ही चहातली साखरसुद्धा तीन दशांशांपर्यंत सांगेल. आखूड दांडीला हाड कमी कोरावं लागतं, म्हणून ठिसूळ हाडाच्या रोग्यांना ती सोसणार होती. आणि अशा रोग्यांच्या यादीत पहिलं नाव होतं शंकासुराच्या अक्काचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं. अक्काला जिना चढवत नव्हता. स्वतःची खोली वर असून दोन वर्षं ती खाली जिन्याजवळ खाट टाकून झोपत होती.

सहा दांड्या, प्रत्येकीला पन्नास लाख दाब. दांडी एका पोलादी पेल्यात उभी करायची आणि भोवती सिमेंट ओतायचं, म्हणजे हाडात असते तशी ती घट्ट बसते. गोळ्यापासून सिमेंटपर्यंत ठरावीक अंतर उघडं राहावं लागतं. आमच्याकडे ते कोणी मोजत नाही. पेल्याच्या आत एक तांबडी रेघ आहे, तिथपर्यंत ओतायचं आणि मोकळं व्हायचं. दशांशनेही तसंच केलं.

एकेका दांडीला सहा-सहा दिवस लागले. सहाच्या सहा टिकल्या. टाळ्या झाल्या. माझ्या मनात मात्र पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली होती. ही बारीक दांडी माझ्या दाबाखाली पुरेशी वाकतच नव्हती. जुन्या जाड दांड्यासुद्धा हिच्यापेक्षा जास्त वाकायच्या. मी प्रत्येक दाबाला किती वाकली ते इमानदारीने लिहीत होते. पण मित्रांनो, माझं लिखाण वाचतो कोण? सगळ्यांचे डोळे मोजणीच्या आकड्यावर.

अहवालावर सही शंकासुराची लागते. तो आलेख घेऊन खिडकीपाशी बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"बारीक माणूस जाड्यापेक्षा कमी वाकतो?" तो म्हणाला. "पाणी कुठंतरी मुरतंय."

"काका, सहाही पास झाल्यात," दशांश म्हणाली. "अजून काय हवंय तुम्हाला?"

"मशीन म्हातारी झालीय. तीच खोटं बोलत असणार."

नाचता येईना अंगण वाकडं! मला फार लागलं ते. दोन दिवस त्याने माझ्यावर प्रमाणित वजनं टांगून माझा काटा तपासला. एका केसाचाही फरक निघाला नाही. मग त्याने धातूवर संशय घेतला, धातू अस्सल निघाला. शेवटी त्याची नजर दशांशवर गेली.

"दाब कमी तर लावला नव्हतास? खरं सांग."

"चार वर्षं घालवलीत मी यात! खोटं करायचं असतं तर पहिल्याच वर्षी केलं नसतं का?" असं म्हणून ती तडक निघून गेली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. त्याचे हात तेलाने माखलेले, म्हणून त्याने तो माझ्या पायावर ठेवून स्पीकरवर लावला.

"ऑपरेशनची तारीख मिळाली रे," अक्का म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, फक्त तुझी सही राहिलीय. कुठं अडलंय घोडं?"

"बघतो," एवढंच तो बोलला.

पेले रिकामे करायचे होते. त्याने सिमेंटच्या गोळ्यासकट एक दांडी उपसली आणि सहज, अगदी हाताला चाळा म्हणून, गोळ्यापासून सिमेंटपर्यंत पट्टी लावली. मग दुसऱ्या दांडीला लावली. मग तिसऱ्या. आणि स्टुलावर बसून राहिला.

रेघ होती जुन्या लांब दांडीच्या मापाची. आखूड दांडी त्याच पेल्याच्या तळाशी उभी केली, की तिचं डोकं खाली येतं आणि तांबड्या रेघेपर्यंतचं सिमेंट थेट तिच्या गळ्याशी पोचतं. गळ्यापर्यंत पुरलेला माणूस वाकणार कुठून? बावीस वर्षांपूर्वी, कोणाचं माप चुकू नये म्हणून, ती रेघ पेल्यात कोरून तांबडी रंगवली होती शंकासुराने. त्याने माझ्यावर, धातूवर आणि त्या पोरीवर संशय घेतला होता, पण स्वतःच्या रेघेकडे एकदाही बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सही करून टाकली असती तर कोणाला कळलं असतं? मी त्याच्या हाताकडे बघत होते. खरं सांगते, मला त्याचाही संशय आला होता. तो उठला आणि दशांशला बोलावून घेऊन आला.

"पोरी, रेघ माझी. चूक माझी. तुला नाही नाही ते बोललो."

तिने पट्टी घेऊन स्वतः मोजलं. "सगळं मोजते मी काका," ती हळूच म्हणाली, "आणि नेमकं हेच मोजलं नाही."

तशीच आणखी एक दांडी अंतर मोजून बसवली. एकतीस लाख दाबांनंतर, भर दुपारी, ती गळ्यात तुटली. आवाज अगदी बारीक, पेन्सिलचं टोक मोडावं तेवढा. दशांशने तोंडावर हात धरला. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, तरी मला आनंद झाला नाही.

अक्का काठी टेकत स्वतः आली. तिने तुटका तुकडा तळहातावर घेतला.

"हे बसवणार होतात होय माझ्यात?"

"हो," शंकासुर म्हणाला.

"आता किती थांबू?"

"वर्ष जाईल, अक्का. नवीन घडवायची, परत तपासायची."

ती खूप चिडली. काठी आपटून म्हणाली, "वर्षभर आणखी जिन्याखाली!" मग तिने तो तुकडा त्याच्या खिशात टाकला. "सही मात्र तूच कर. दुसऱ्या कोणाची मला चालणार नाही."

वर्षाने गळ्याशी थोडी जाड दांडी आली. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर अंतर मोजून लिहिलं, मग कागद जुळवले. सहाही टिकल्या, आणि या वेळी वाकायला हव्या तेवढ्या वाकूनही टिकल्या. शंकासुराने सही केली. अक्का आता वरच्या खोलीत झोपते आणि खालच्यांवर वरूनच ओरडते, असं तो सांगतो.

पण आमचं दोघांचं समाधान व्हायला नको का? त्याने अक्काच्या दांडीसोबत घडवलेली सातवी दांडी माझ्या जबड्यात दिली आहे. दुसरं काम नसेल तेव्हा मी तिला दाबत असते. पन्नास लाख कधीच मागे पडले. अक्काच्या पुढच्या वीस वर्षांची पावलं माझी टाकून झाली आहेत.

आता म्हणे ही जागा रिकामी करायची आहे. कालच दोन माणसं फूटपट्टी घेऊन माझी रुंदी मोजून गेली. मित्रांनो, मला तेल कमी पडलं तरी चालेल, फोटो तर नकोच. पण मी लिहिते ते कोणीतरी वाचत जा, आणि मला एवढ्यात बंद करू नका. ती दांडी तुटायचीच असेल तर आधी माझ्याकडे तुटू दे. अक्का जिना चढते आहे, आणि मला तिच्यापुढे चालायचं आहे.