पालथी पुस्तकं

मी वाचनालयातली शिडी बोलतेय. कुरकुर माझी जन्मजात, आणि डोळ्यांत कायमची झोप. दुपारचं ऊन फळ्यांवर चढू लागलं की वाटतं, मी अजून झाडच आहे आणि ही सगळी पुस्तकं माझी पानं. मग कुणीतरी पायरीवर पाय ठेवतं नि मी जागी होते.

आमच्या ग्रंथपालबाईंची एक सवय होती. वाचकासाठी काढलेलं पुस्तक त्या टेबलावर पालथं ठेवत, कणा भिंतीकडे. "कोण काय वाचतं ते ज्याचं त्याला ठाऊक," म्हणत. नव्या माणसाला बाई वेंधळ्या वाटायच्या.

ही सवय त्यांच्या अख्ख्या ग्रंथपाल संघाची. महिन्यातल्या एका रविवारी, वाचनालय बंद असताना, आसपासचे सगळे ग्रंथपाल इथे जमत. जो बोलेल त्याने माझ्या खालच्या पायरीवर बसायचं. त्यामुळे मी प्रत्येकाला वजनावरून ओळखते.

एकदा वाचनालयाचे अध्यक्ष आले. "बाई, आमची सून इथून काय काय नेते हो?"

"तिलाच विचारा ना, साहेब."

"मी तुम्हाला विचारतोय."

"मला नाही सांगता येणार."

साहेबांचा पारा चढला. "मग महिनाअखेरपासून दुसरीकडे नोकरी बघा."

बाईंची आई अंथरुणाला खिळलेली, घरात पगार यांचा एकटीचा. साहेब गेल्यावर त्या माझ्या पायरीवर बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं. शिडीला पाठीवरून फिरवायला हात नसतो.

रविवारी संघ जमला. खजिनदारकाका म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? सांगून टाकलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मग निवृत्त झालेल्या ताई उठून माझ्यावर बसल्या. वजन चिमणीएवढं, आवाज मात्र खणखणीत. "आज एकीचं सांगितलं, की उद्या वाचक दारातूनच परत फिरेल. बाईंना काढलं तर त्या खुर्चीत आपल्यापैकी कुणीही बसायचं नाही. कबूल?"

हात वर झाले. काकांचा सगळ्यात शेवटी गेला, पण गेला.

जागेची जाहिरात लागली. एकही अर्ज आला नाही. महिनाअखेर उलटली आणि बाई रोजच्यासारख्या येत राहिल्या. साहेबांनी विषयच काढला नाही.

बऱ्याच दिवसांनी, वाचनालय बंद व्हायच्या सुमारास, साहेब एकटेच आले. चेहरा उतरलेला. इकडेतिकडे बघून त्यांनी वरच्या फळीकडे बोट केलं. "ते... तेवढं द्याल?"

बाई मला टेकवून वर चढल्या. मी श्वास रोखला, कुरकुरले नाही. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. पालथं, कणा भिंतीकडे.

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "घरी कुणाला कळणार नाही ना?"

"आमच्याकडून तर नाहीच," बाई म्हणाल्या. "तब्येतीला जपा मात्र."

आता माझी एक पायरी निखळलीय. मला कोपऱ्यात उभं केलंय आणि दुसरीवर कुणीतरी झाडाची कुंडी ठेवलीय. झोप छान लागते. स्वप्नात पुस्तकं सळसळतात. एकच मागणं आहे, मला जाळू नका. जमलं तर फळी करा माझी, पुस्तकांखालची.

आणि साहेबांनी कोणतं पुस्तक नेलं म्हणता? ते मी तुम्हालाही सांगायची नाही.