ओळंब्याबाहेरची भिंत

घर पहावं बांधून, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? पण जिनं बावीस वर्षं रेजा म्हणून दुसऱ्यांच्या घरांचा गारा डोक्यावर वाहिला, तिला स्वतःचं घर बांधताना खुर्चीवर बसवून ठेवलं तर तिच्या जिवाचं काय होतं, ते सत्यशीलेला विचारा. पोंभुर्ण्याच्या अलीकडं रस्त्याला लागून तिचं टिनाचं खोपट. त्याच्या बाजूलाच नव्या घराच्या भिंती वर येत होत्या, आणि मालकीणबाई मोहाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बसल्या कसल्या, बसवल्या होत्या.

बसवणारा तिचाच मुलगा, संघपाल. माजरीला कोळसा खाणीत नोकरी करायचा आणि रविवारी बायको-पोरीला घेऊन गावाला यायचा. "आई, तू आता रेजा नाईस," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "जिंदगीभर विटा वाहिल्या तेवढ्या बस झाल्या. आता नुसतं पाह्यत राह्य."

पाह्यत राह्य म्हणे. पाहणाऱ्याला दिसतं, त्याचं काय करायचं? वाळूचा ट्रॅक्टर आला तेव्हा तिनं मूठभर वाळू काचेच्या गिलासात टाकली, पाणी ओतून हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. घटकाभरानं वाळूवर बोटभर गाळ बसला. ट्रॅक्टरवाल्याला गिलास दाखवला आणि म्हणाली, "बाप्पा, मी वाळू मागितली होती, तू माती आणली." तो मुकाट्यानं परत गेला. विटा आल्या तेव्हा दोन-दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहिल्या. टण्ण वाजली ती ठेवली, धप्प वाजली ती बाजूला काढली. संघपालनं चंद्रपूरच्या दुकानातून टाइल्सचा नमुना आणला. गुळगुळीत, तोंड दिसेल अशी पांढरी टाइल. हिनं ती जमिनीवर ठेवली, वरून साबणाचं पाणी टाकलं आणि म्हणाली, "पाय ठेव." पोरगा असा काही घसरला की त्याची बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मग न्हाणीसाठी खरबरीत फरशी ठरली. स्लॅबवर पांढरा चुना मारायचा, हेही ठरलं, कारण आपल्याकडचं ऊन काही पाहुणा नाही, चार महिने मुक्कामाला असतं.

एवढं सगळं ती बोलली. एका माणसापुढं मात्र तिचं तोंड उघडत नव्हतं. तो म्हणजे गुणवंतराव मिस्त्री.

पंचक्रोशीतली निम्मी पक्की घरं गुणवंतरावांच्या हातची. सत्यशीला बावीस वर्षं त्यांच्याच हाताखाली रेजा होती. मिस्त्रीनं हात पुढं करायचा आणि रेजानं त्या हातावर वीट ठेवायची. कोणती वीट, कशी, केव्हा, हे मिस्त्रीला ठाऊक. रेजानं बोलायचं नसतं, हा या कामाचा कायदा. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

आणि एक गोष्ट होती. एका मोठ्या घरी वास्तूचं जेवण होतं. जिच्या डोक्यावरून त्या घराची वीट न् वीट गेली, त्या सत्यशीलेला घरच्यांनी अंगणातच पत्रावळ वाढली. बौद्धाची बाई, आत कशी घ्यायची? गुणवंतराव आत पाटावर बसले होते. त्यांनी बाहेर पाहिलं, ताट सरकवलं, उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि उपाशीच घरी निघाले. भांडण नाही की भाषण नाही. वाटेत सत्यशीलेला एवढंच म्हणाले, "तुह्या घराची वीट मीच ठेवीन, बाई." त्याला अठरा वर्षं झाली. संघपाल चंद्रपूरचा ठेकेदार आणतो म्हणाला, तेव्हा आई म्हणाली, "घर बांधतील तर भाऊच बांधतील. नाई तर हे खोपटच बरं हाय."

आता याच भाऊंचं काहीतरी बिनसलं होतं.

प्रथम तिच्या ध्यानात आलं ते पाण्याचं. पाण्याचा गिलास पुढं केला की भाऊंचा हात गिलासाच्या बाजूनं जायचा. मग दिसलं की भिंतीला ताणलेलं सूत ते डोळ्यांनी पाहत नाहीत, अंगठ्यानं चाचपतात. ओळंबा सोडायचे आणि हाताखालच्या माणसाला विचारायचे, "थांबला का?" गुणवंतरावांनी ओळंब्याबद्दल दुसऱ्याला विचारलेलं तिनं बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हातारपण आहे, म्हणून तिनं मनाची समजूत घातली. समजूत घालायला माणूस मोठा हुशार असतो.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. खुर्चीवरून उठली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओळंबा लावला. दोरी हलायची थांबली. वर दोरी भिंतीला लागून होती, खाली लोखंडी गोळा भिंतीपासून दोन बोटं लांब लटकत होता. भिंत बाहेर झुकली होती. तिनं दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. गोळा आपली जागा सोडेना. ती तिथंच विटांच्या ढिगावर बसली.

सोमवारी स्लॅब होता. पोंभुर्ण्याहून मिक्सर ठरला होता, स्लॅबच्या दिवशी मजुरांना मटणाचं जेवण द्यायचं म्हणून बकराही सांगून ठेवला होता. दोन बोटं झुकलेल्या भिंतीवर एवढं ओझं चढणार आणि त्याच्याखाली तिची नात खुशबू निजणार. बोलावं तर? मिस्त्रीला दिसत नाही, एवढी बातमी एका गावात फुटली की दुसऱ्या दिवशी दहा गावांत जाते. गुणवंतरावांना पुन्हा कोणी चूल बांधायलाही बोलावणार नव्हतं. एका बाजूला नातीचा जीव, दुसऱ्या बाजूला या माणसाची अब्रू. असं देवानं वैऱ्याच्याही वाट्याला आणू नये, असं म्हणणार होतो. पण सत्यशीला देवाला मानत नाही, तेव्हा तिचं तिलाच निस्तरायचं होतं.

सांजच्याला ती त्यांच्या घरी गेली. गुणवंतरावांची बायको, रुखमाबाई, अंगणात मोहफुलं वाळवायला पसरत होती. सत्यशीलेचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. तिनं हातातली टोपली खाली ठेवली.

"तुले समजलं ना?" ती हळूच म्हणाली. "दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. चंद्रपूरच्या दवाखान्यानं दोनदा तारीख देली. दोनदाई गेले नाईत. आपरेशन झालं की महिनाभर धुळीत जाता येत नाई म्हनते डाक्टर. तं हे म्हनतात, सत्यशीलेचं घर होऊ दे, मंग पाहू."

सत्यशीलेच्या घरासाठी माणूस आंधळा होऊन राहिला होता, आणि आंधळा होऊन तिचंच घर वाकडं बांधत होता. यावर हसावं की रडावं? तिला रडू आलं.

एवढ्यात गुणवंतराव विहिरीवरून आले. हुंदक्याच्या आवाजानं ओळखलं त्यांनी. "कोन, सत्यशीला? काऊन आली?"

"भाऊ, सैपाकघराची भिंत दोन बोटं बाहेर हाय."

ते उभ्या जागी थांबले. "कोन म्हनते?"

"मी ओळंबा लावला."

"आता तू मले ओळंबा शिकवून राह्यली का?" गुणवंतरावांचा आवाज चढला. "चाळीस वर्सं झाली. माह्या बोटाले समजते भिंत."

"बोटाले समजलं असतं, तं भिंत वाकली नसती, भाऊ. तुम्हाले दिसत नाई."

हे बोलली खरी, आणि तिला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. गुणवंतराव खाटेवर बसले. हाताची बोटं एकमेकांत गुंतवत राहिले.

"संघपालले सांगतलं?"

"नाई."

"मंग सांगू नको. सोमवारी स्लॅब टाकून घेऊ. थोडंसं हाय, वरून प्लास्टरमंदी काढून घेईन."

आता बघा. हाच माणूस जन्मभर सांगत आला होता की भिंतीचा दोष प्लास्टरखाली लपवू नका, जाड प्लास्टर दोन पावसाळ्यांत पोपडे धरतं, आणि वाकडी भिंत काही त्यानं सरळ होत नाही. तोच हे बोलला. सत्यशीलेला त्यांचा राग आला नाही. भीतीनं माणूस काय बोलतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती उठली आणि म्हणाली, "तारीख घ्या, भाऊ. बाकीचं मी पाह्यते."

घरी येऊन तिनं संघपालला फोन लावला. स्लॅब नाही टाकायचा म्हणाली. का? तर म्हणे, तिला घराचा नकाशाच पसंत नाही. पश्चिमेची खिडकी काढायची आहे, स्वयंपाकघर मोठं करायचं आहे, जीव लागत नाही, अशी दहा कारणं सांगितली. दिवाळीपर्यंत काम बंद. पोरगा फोनवर ओरडला, मग विनवण्या केल्या, मग म्हणाला, "आई, तुह्यं डोकं तं ठिकानावर हाय ना? भिंती पावसात भिजतीन."

"भिजू दे. विटेले पाणी पायजेच असते."

गावानं तिला सोडलं नाही. म्हातारी सटकली, पोराच्या नोकरीची मस्ती चढली, एवढा देवासारखा मिस्त्री मिळाला तर त्याला घरी बसवला, असं लोक बोलले. ती ऐकून घ्यायची. झाकली मूठ तिच्या हातात होती आणि ती उघडायचा तिचा विचार नव्हता. पाऊस लागला तसं खोपट तीन जागी गळायला लागलं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून यायची आणि रात्री पातेली मांडून त्यांच्या मधे निजायची. बाजूला उघड्या भिंती हिरव्या पडल्या होत्या. संघपाल दोन महिने गावाला फिरकला नाही, याचं तिला फार लागलं.

गुणवंतरावांचे दोन्ही डोळे पावसाळ्यात झाले. कोणी विचारलं तर सांगायचे, काम बंद आहे, म्हणून डोळे करून घेतले. खोटंही नव्हतं ते.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर संघपालनं काम पुन्हा सुरू करायचं ठरवलं. तो तोंड फुगवूनच आला होता. गुणवंतराव नवा चष्मा लावून आले. सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी गेले, ओळंबा सोडला आणि पाहत राहिले. स्वतःच्या हातची वाकडी भिंत ते पहिल्यांदाच पाहत होते. सत्यशीलेला वाटलं, आपण इथं नसतो तर बरं झालं असतं.

मग ते वळले. "संघपाल," मोठ्यानं म्हणाले, मजुरांना ऐकू जाईल असं. "तुह्या मायनं काम काऊन थांबवलं, मालूम हाय का? हे भिंत वाकडी हाय. मी बांधली. मले दिसत नव्हतं आनं मी लपवलं. बाईनं माह्यं नाव झाकलं आनं सारं आपल्या अंगावर घेतलं. तिचं डोकं ठिकानावर होतं, बापा. माह्यं नव्हतं."

संघपाल भिंतीकडं पाहत राहिला, मग आईकडं. जाऊन लोखंडी सब्बल घेऊन आला आणि पहिला घाव त्यानंच घातला.

भिंत जोत्यापर्यंत उतरवायला दुपार झाली. विटा साफ करून पुन्हा रचल्या. सत्यशीला खुर्चीवर बसली नाही. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि या वेळी तिला कोणी अडवलं नाही. गुणवंतरावांनी सूत ताणलं, हात पुढं केला, तिनं वीट दिली. पहिला थर झाला. आता चष्म्यातून त्यांना सुताचा धागाही दिसत होता. कोणाला काही विचारायची गरज नव्हती.

तरी ते थांबले. "पाह्य बाई," म्हणाले. "बरोबर हाय का?"

तिला वाटलं, आपल्यालाच भास झाला. "हाय, भाऊ."

दुसऱ्या थराला पुन्हा विचारलं, तिसऱ्या थरालाही विचारलं. मजूर एकमेकांकडं पाहायला लागले. चौथ्या थराला ती खाली वाकली, एक डोळा मिटला, सुताच्या रेषेत पाहिलं. कोपऱ्यातली वीट किंचित पुढं आली होती. अगदी नखाएवढी. दुसरा कोणी असता तर त्याला दिसलीही नसती.

"नाई," ती म्हणाली.

गुणवंतरावांनी ती वीट उचलली आणि खालचा गारा खरवडून काढला.