मुळ्यावरचे डाग

घरात काही बिघडलं की दोष द्यायला सून हाताशी असतेच. मंडळी, दूध नासलं तरी आपण आधी तिच्याकडेच बघतो, खरं ना? चौऱ्याऐंशी साली दहिसर नदीकाठच्या रुक्मिणीच्या मळ्यात तर मुळ्याचे वाफेच्या वाफे बिघडले. पानांवर पिवळट डाग, कडा आक्रसलेल्या, आणि मुळा करंगळीएवढा!

"तसल्या दिसांत वाफ्यात उतरलंस म्हणान ह्यां झालां!" ती सुनेवर कडाडली. "उद्याच जा गोवंडीक, आवशीकडे. परत येव नको."

शकुने मान खाली घातली. पाळीत ती तण काढायला गेली होती, हे खरंच होतं. रुक्मिणीने वाफ्यांवरून मीठ-मिरची ओवाळली, नि आजारी रोपं तशीच राखली.

शेजारची जया कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने पान उलटून भिंग धरलं.

"मावशी, हा मावा. या पानाचा रस पितो, त्या पानावर बसतो, नि सोंडेतून रोग नेतो. मुळा, कोबी, मोहरी, सगळ्या भावकीला. त्या रोगाचा विषाणू असतो."

"दाखव माका!"

"तो आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही."

"दिसना नाय तां मी कसां मानू?"

"नका मानू. शकुला महिनाभर ठेवा, नि बघा."

जयाने निरोगी रोपांच्या दोन कुंड्या, मावा शिरू नये म्हणून, मलमलीच्या कापडाखाली ठेवल्या. एकीच्या पानांवर रोगट पानाचा रस चोळला. दुसरीला शकुने रोज हात धुऊन शिवायचं, पाळीतसुद्धा.

महिन्याने कापड काढलं नि रुक्मिणी बघतच राहिली. रस चोळलेलं रोप डागांनी भरलं होतं. शकुच्या हातचं हिरवंगार!

"अगो बाय माझे!" तिच्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी एवढ्याशा किड्याच्या सोंडेत बसून अख्खा मळा आडवा करतं! केवढं हे जग, नि आपल्याला दिसतं ते किती थोडं! आणि आपण मात्र पोरीला घराबाहेर काढायला निघालो होतो.

तिने स्वतः रोगट रोपं उपटून जाळली. नवे वाफे झाले, तेव्हा शकु बांधावरच थांबली.

"आई, माझे दिवस आहेत."

"मगे? हात धू नि ये. पयलो दाणो तुझ्याच हातान पडांदे."

वाचकहो, न दिसणारं समजून घ्यायला कष्ट पडतात. सुनेवर खापर फोडायला काहीच पडत नाहीत, म्हणून तर आपण ते फोडतो. पाळीच्या बाईला विटाळ म्हणणं आता तरी सोडू या!