जागेपणी पाहिलेला हिवाळा

मित्रांनो, मी एक कासव आहे. वय चांगलंच झालंय माझं, पण मागच्या वर्षापर्यंत मी हिवाळा एकदाही पाहिला नव्हता. आमची रीतच तशी. थंडी पडू लागली की मातीत शिरायचं, श्वास अगदी मंद करायचा आणि ऊन परत येईपर्यंत निजायचं.

उत्तर ग्रीसमधल्या फ्लोरिना गावात पांदेलिस नावाचा सुतार राहतो. त्याच्या परसात, तांबड्या मिरच्यांच्या वाफ्यात मी अंड्यातून बाहेर आलो. त्याची मुलगी फोतिनी तेव्हा शाळेत होती. तिने मला तळहातावर घेतलं आणि नाव ठेवलं कुकुत्सी, म्हणजे आठळी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. घरात ती दोघं, आणि तिसरा मी.

मला निजवण्याचं काम फोतिनीचं. पानं गळू लागली की ती माझं खाणं बंद करायची. मला राग यायचा. पण पोटात अन्न राहिलं तर ते झोपेत कुजतं आणि कासव मरतं, हे तिला ठाऊक होतं. रोज उथळ, कोमट पाण्यात बसवायची. मी पोटभर पाणी प्यायचो आणि पोट रिकामं करायचो. मग ती मला तराजूत ठेवायची, डोळे आणि नाक नीट बघायची. आजारी कासवाला निजवत नाहीत. पांदेलिसने माझ्यासाठी एक पेटी केली होती. मोठ्या पेटीत छोटी पेटी, मध्ये कागदाचे बोळे, आत माती आणि सुकी पानं, झाकणाला भोकं. ती पेटी तळघरात, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्यांशेजारी जायची. तिथे थंडी मोजायला पाऱ्याची नळी लटकवलेली असे. पाण्याचं बर्फ होईल इतका गारठा नको, आणि मला जाग येईल इतकी ऊबही नको.

वसंतात झाकण उघडलं की पहिला स्पर्श तिच्या तळहाताचा. मित्रांनो, त्या स्पर्शासाठीच मी इतकं लांब निजत असे.

फोतिनी मोठी झाली, परिचारिका झाली. मग एका शरदात घरात भांडण झालं.

"जर्मनीला? इथे काय कमी आहे तुला?" पांदेलिस ओरडला.

"काम कमी आहे, बाबा. पगार कमी आहे. तुम्हाला माहीत नाही का?"

"मग जा. मला फोन करू नकोस."

तिने मला नेहमीसारखं निजवलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला सोडायला बाप बस थांब्यापर्यंतही गेला नाही.

त्या हिवाळ्यात फ्लोरिनात नळ गोठले. तळघरातला पारा खाली खाली जाऊ लागला. पांदेलिस घाबरला. मला वर आणायला हवं, हे त्याचं बरोबर होतं. पण घरातल्या बिनशेगडीच्या गार खोलीत ठेवण्याऐवजी त्याने पेटी थेट शेगडीपाशी ठेवली. त्याला माझी दया आली.

माती उबदार झाली. मला वाटलं, वसंत आला. मी धडपडत वर आलो, मान काढली आणि तिचा तळहात शोधला. समोर पांदेलिसचे भेदरलेले डोळे होते, आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं.

त्याने माझ्यापुढे दुधात भिजवलेला पाव ठेवला. मी तोंड फिरवलं. माझ्या अंगात त्राण नव्हतं; होतं नव्हतं ते जागं होण्यातच संपलं होतं. सकाळी तो पेटी उचलून पुन्हा तळघराकडे निघाला. तेवढ्यात शेजारची कालियोपी घेवड्याचं सूप घेऊन आली.

"कुठे चाललास त्याला घेऊन?"

"परत निजवतो."

"अरे, मारशील त्याला! फोतिनीला विचार."

"मी नाही फोन करणार."

"बरोबर आहे. कासव मेलं तरी चालेल, तुझं नाक खाली यायला नको." तिने स्वतःच फोन लावला आणि त्याच्या कानाला दाबून धरला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

पांदेलिसने पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "कासव उठलंय."

"परत थंडीत ठेवू नका हं! आता निजला तर उठणार नाही तो. आधी कोमट पाण्यात बसवा, तोंड वर राहील इतकंच पाणी. पिऊ दे त्याला. मग उन्हासारखा दिवा लागेल, गुरांच्या डॉक्टरला विचारा. आणि दूध-पाव नका देऊ."

"दिला होता. खाल्ला नाही त्याने."

"शहाणा आहे."

"तुझ्यावर गेलाय," पांदेलिस म्हणाला.

मी पाणी प्यायलो, पण खाईना. डॉक्टर येऊन मान हलवून गेला. पांदेलिस दिव्याखाली माझ्यापाशी बसून राही. एका दुपारी त्याने बर्फ उकरून खालची कडवट पानं आणली. मी एक पान ओढलं.

"खाल्लं! पोरी, खाल्लं गं त्याने!" तो फोनवर ओरडला. पलीकडे कोणी तरी रडत होतं. इकडेही.

असा मी हिवाळा पाहिला. मी निजलो की घरही निजतं, अशी माझी समजूत होती. ते तर जागंच असतं! पांदेलिस एकटा जेवतो. चुकून दोन ताटल्या घेतो, एक परत ठेवतो. फक्त संध्याकाळी फोतिनीचा आवाज यायचा, माझी चौकशी करायला. मी त्या आवाजाकडे मान लांब करायचो. तळहात मात्र यायचा नाही.

उन्हाळ्यात ती आली, थोडे दिवस राहिली आणि गेली. यंदा शरदात सगळं पांदेलिसने केलं. खाणं थांबवलं, अंघोळी घातल्या, वजन केलं. मला पानांत ठेवून तो म्हणाला, "तू निजलास की ती कशाला फोन करेल रे?"

मलाही निजावंसं वाटत नव्हतं. पण थंडी अंगात उतरू लागली होती. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"निजला का?"

"निजतोय." त्याने माझ्यावर आणखी पानं सारली. "बरं मग... ठेवू?" पांदेलिसने विचारलं.

"थांबा ना. तुम्ही जेवलात का?"

तो तळघराच्या पायरीवर बसला आणि काय काय खाल्लं ते सांगू लागला. ऐकता ऐकता माझे डोळे मिटत गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी कासव असेल तर त्याला नीट निजवा. उपाशी पोटी, पाणी पाजून, बेताच्या थंडीत. मधूनमधून बघा, पण उगाच उठवू नका. आणि जी माणसं हिवाळाभर एकटी जागी असतात, त्यांची चौकशी करायला माझं निमित्त शोधू नका.