साडेसातव्या वेढ्यावरचं तेज

भाड्याच्या हॉलमध्ये दीडशे शहाणीसुरती माणसं हातात विझलेली ट्यूबलाइट धरून बसली होती. व्यासपीठावर तेजबाबांचं तोंड सुरू होतं. "या तेजाला तार नाही, मीटर नाही. श्रद्धा हाच स्विच." बाबांनी डोळे मिटले, घूंऽऽ असा आवाज झाला आणि पुढच्या दोन रांगांतल्या ट्यूब हातातल्या हातात पेटल्या. मागच्या पेटल्या नाहीत. त्यांच्या पदरी पाप जास्त, असं बाबांनी सांगून टाकलं आणि मागच्यांनीही ते मुकाट्याने गिळलं.

विजेच्या मोटारींना तारा गुंडाळून पोट भरणारी धाकटी दाराशी उभी होती. ती थोरल्या बहिणीला न्यायला आली होती. ताईला फिट्स यायच्या. तेज अंगात शिरलं, आता गोळ्या कशाला, असं या ढोंग्याने सांगितल्यापासून तीन आठवडे तिने गोळीला हात लावला नव्हता. काल शेगडीसमोरच फिट आली, थोडक्यात भाजायची वाचली.

तो घूं आवाज धाकटीने लगेच ओळखला. दोन महिन्यांपूर्वी एक गोडबोल्या 'शाळेच्या प्रदर्शनासाठी' म्हणून एक आराखडा आणि बारीक तारेची उभी कॉइल घेऊन तिच्या दुकानात आला होता. तिने त्या कॉइलखाली बसेल अशी तांब्याची नळी डासांच्या गोल अगरबत्तीसारखी चपटी गुंडाळून दिली होती. दोन वेढ्यांत बोटभर अंतर ठेवलं होतं, नाहीतर ठिणगी मध्येच उडते. मग वायरचा चिमटा एकेका वेढ्यावर लावून पाहण्यात दोन दिवस गेले. साडेसातव्या वेढ्यावर मेळ बसला आणि भिंतीला टेकवलेली जुनी ट्यूब आपोआप पेटली, तेव्हा ती खुळ्यासारखी हसली होती.

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आधी दाराजवळचा मेन स्विच पाडला. तेज गेलं, बाबांचे डोळे उघडले. चेले आडवे येईपर्यंत तिने व्यासपीठाची झालर फाडलीसुद्धा. खाली तीच तांब्याची कॉइल होती.

"ही कॉइल मी बनवली," ती म्हणाली. "कशासाठी हवी ते नीट विचारलं नाही, ही माझी चूक."

तिने चिमटा दोन वेढे आत सरकवला आणि दाराजवळच्या एकाला स्विच चालू करायला लावला. घूं झालं, पण एकही ट्यूब पेटली नाही.

"देव यंत्रातूनही बोलतो," बाबा सावरून म्हणाले.

"मग दोन वेढे सरकवल्यावर मुका का झाला?"

पुन्हा स्विच पाडायला लावून तिने चिमटा जागेवर लावला आणि मागच्या रांगेतल्या, बाबांनी पापी ठरवलेल्या हमालाला पुढे बोलावलं. स्विच चालू होताच त्याच्या हातातली ट्यूब लखलखली. तो इतका घाबरला की बाबांनाच नमस्कार करून बसला.

"झोका वेळेवर ढकलला तरच चढतो," धाकटी म्हणाली. "खालच्या तांब्याच्या कॉइलचा मेळ वरच्या बारीक तारेच्या कॉइलशी बसला की आसपासची ट्यूब पेटते. मागचे पापी नाहीत, लांब आहेत. उद्या कुणी दुसरं तेज दाखवेल, तेव्हा हात जोडायच्या आधी झालर उचला. आणि गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरला विचारा."

बाबा मागच्या दाराने सटकले. लोक धाकटीकडेच रागाने बघत होते. फुकटचा देव हिरावला की माणसं चोराला सोडून सांगणाऱ्यावर चिडतात.

ताई जवळ आली. "तू बनवलंस हे?"

"हो."

"मला तुझ्याशी बोलायचं नाही." ताईचे डोळे भरले होते. तिने ट्यूब खुर्चीवर ठेवली आणि हात पुढे केला. "गोळ्या आणल्यास का?"