हिरव्या पट्टीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी पट्टी आहे. हसू नका! मी कापडाची नाही, आणि तुमच्या दप्तरातली रेघा मारायची तर नाहीच नाही. मी राहते अजिंक्यदादाच्या फोनमध्ये, ‘आपली माणसं’ नावाच्या ॲपच्या माथ्यावर. वय म्हणाल तर जेमतेम चार वर्षं. पण फोनच्या दुनियेत चार वर्षांची पट्टी म्हणजे म्हातारीच की! ताप आला की आई तुमच्या काखेत काडी लावते ना, तसलंच माझं काम. समूहात किती माणसं बोलती आहेत, ते मी मोजते; कुणाचं बोट कुठे थांबलं, तेही मला दिसतं. सगळे बोलले तर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार. सगळे गप्प बसले, तर मी एवढीशी.

मला घडवलं योगिनीने. लातूरकडची पोर, ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायची आणि खोलीवर डबा खायची. तिने आजूबाजूला पाहिलं. कारखान्यांत कामाला आलेली जोडपी, खोलीत नवराबायको दोघंच. ना सासू, ना आई, ना ओळखीचा शेजार. अडल्यानडल्याला हाक मारायची कुणाला? म्हणून तिने हे ॲप केलं. ज्याला गरज आहे त्याने लिहायचं, खाली पत्ता टाकायचा, आणि ज्याला जमेल त्याने जायचं. इतका साधा मामला. माझ्या शेजारी तिने माझी एक धाकटी बहीणही बसवली होती, पिवळी पट्टी. गरज लिहिणाऱ्याला ती चार दिवसांनी विचारायची, “कुणी आलं का?” एवढंच विचारायची बिचारी.

योगिनीला डबा यायचा मंजुळाबाईंचा. त्या पिंपळे गुरवात एका खोलीत राहून डबे करायच्या. योगिनीनेच त्यांच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं, नावगाव भरून दिलं. मंजुळाबाई अक्षराला अक्षर लावत वाचायच्या. लिहायचं म्हटलं की मात्र त्यांचा हात आखडायचा. एखाद्या गरजेवर त्यांचं बोट आलं की तिथेच रेंगाळायचं, पत्त्यापाशी तर फारच. मग फोन बंद. ना अंगठा, ना फूल, ना ‘काळजी घ्या’. माझ्या मापात त्या कायम शून्य.

आणि दोनचार दिवसांनी पिवळीला उत्तर यायचं. ‘एक मावशी आल्या होत्या. बायकोला पेज भरवली, बाळाला न्हाऊ घातलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.’ कधी भोसरीतून यायचं, कधी महाळुंग्यातून. आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघायचो. आम्हाला सगळं कळायचं हो! पण पट्टीला तोंड कुठलं?

पुढे योगिनीला बंगळुरूला नोकरी लागली. जाताना तिने ॲप सोपवलं अजिंक्यदादाकडे. तो पिंपळे गुरवातल्या जुन्या घराण्यातला, खोल्या भाड्याने देणारा, भाडेकरू सगळे बाहेरगावचे. मनाने वाईट नाही तो, खोटं कशाला बोलू? पण त्याचा माझ्यावर फार जीव. सकाळी डोळे उघडले की आधी मला बघायचा. चहाच्या टपरीवर मित्रांसमोर फोन धरून म्हणायचा, “बघ भावा, काय जोरात चाललाय ग्रुप!” वाढदिवस, सुप्रभात, नव्या गाडीचं अभिनंदन, फुलांवर फुलं. मी खाऊन खाऊन फुगत होते आणि मलाही ते गोड लागत होतं. कौतुक कुणाला नको असतं?

मग शहरातल्या एका मंडळाने स्पर्धा काढली. सगळ्यात जिवंत ऑनलाइन समूहाला मानचिन्ह. अट अशी की दहातले नऊ सदस्य बोलते हवेत. मी होते निम्म्यावर. अजिंक्यदादाने आधी पिवळीचा गळा दाबला. तिला उत्तरं थोडी यायची आणि त्यातली काही ‘कुणी नाही आलं’ अशी असायची. “उगाच बदनामी राव आपली,” असं म्हणून त्याने तिला पुसून टाकलं. माझ्या शेजारची जागा तेव्हापासून रिकामी आहे.

तरी मी वाढेना. तेव्हा त्याने ठरवलं, सहा महिन्यांत एक अक्षरही न लिहिणाऱ्यांना काढून टाकायचं. त्याची आई, शालनबाई, शेजारी बसून शेंगा सोलत होती.

“आरं, गप बसत्यात म्हून काढतूस व्हय? तुझा बाप उभ्या जन्मात दहा शब्द बोलला नसंल. त्याला काढू का घरातनं?”

“आई, तुला यातलं कळत नाय,” तो हसत म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

क्षणात मी त्या टोकाला पोचले. नवं कुणी आलं नव्हतं, जास्त कुणी बोललं नव्हतं. माणसं कमी झाली आणि मी वाढले! मानचिन्ह मिळालं, हार मिळाला, माझा फोटो मोठा करून त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर लागला. त्या फोटोत मी फार सुंदर दिसते, असं सगळे म्हणतात.

काढलेल्यांत मंजुळाबाईही होत्या; दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा आत यायला ॲपच्या दारात आल्या. पण दारावर आता नवा प्रश्न होता: ‘समूहासाठी तुम्ही काय कराल? थोडक्यात लिहा.’ त्यांचं बोट त्या चौकटीवर बराच वेळ थांबलं. शेवटी त्यांनी ती तशीच कोरी पाठवली. कोऱ्या उत्तराला दार आपोआप बंद होतं आणि अजिंक्यदादाला कळतसुद्धा नाही. मला कळलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण करू काय? हिरवं होणं आणि लहान होणं, एवढंच मला येतं.

गेल्या आठवड्यात समाधान नावाच्या मुलाने गरज लिहिली. तो महाळुंग्याच्या एका कंपनीत कामाला. त्याची बायको करिष्मा हिचं सीझर झालेलं. बाळ कमी वजनाचं, म्हणून दुसऱ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. ‘मी बाळापाशी आहे. हिच्यापाशी कुणी नाही. कुणी बाईमाणूस दोन दिवस येईल का?’ असं लिहून त्याने पत्ता टाकला.

अहो, काय पूर लोटला! जोडलेले हात, दिवे, ‘देव बळ देवो’, ‘आम्ही सोबत आहोत भाऊ’. शेकड्यांनी! मी दिवसभर काठोकाठ भरलेली. अजिंक्यदादाने ती महिन्यातली सर्वोत्तम पोस्ट म्हणून वर टांगली. पण इतक्या बोटांमध्ये पत्त्यापाशी रेंगाळलेलं बोट एकही नव्हतं.

चारपाच दिवसांनी समाधान अजिंक्यदादाच्या ऑफिसात आला. डोळे सुजलेले, अंगात कंपनीचाच शर्ट.

“दादा, कुणीच आलं नाही बघा.”

“अरे, पण एवढ्या कमेंटी...”

“कमेंटीला काय करू? ती एकटी पाणी घ्यायला उठली, चक्कर येऊन पडली. टाके तुटले. दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं. अजून तिथंच पडून हाय. बाळानं अजून आईचं तोंड बघितलं नाही.” त्याने बाहीने नाक पुसलं. “आमच्या शेजारच्या वहिनीपाशी मागं एक मावशी आलती, ग्रुपवर वाचून. तिच्याच भरवशावर टाकलं होतं मी.”

“कोण मावशी?”

“नाव कुणाला ठावं?”

अजिंक्यदादाचा चेहरा खरंच उतरला होता. त्याने लगेच फोन उचलला, मला वाटलं आता तरी. आणि त्याने लिहिलं: ‘अडचणीत धावून जाणारी ती मावशी कोण? ओळखत असाल तर कळवा. मावशी, तुम्ही हे वाचत असाल तर ताबडतोब संपर्क करा.’

कुठे लिहिलं? कपाळ माझं! त्याच समूहात, जिथून तिला काढलं होतं.

पुन्हा पूर आला. ‘अशा माउलीला सलाम’, ‘माणुसकी जिवंत आहे’, फुलं, हृदयं. मी इतकी हिरवी कधीच झाले नव्हते. आणि त्याच वेळी, मित्रांनो, खाली दारापाशी मंजुळाबाईंचं बोट पुन्हा आलं होतं. चौकटीवर थांबलं. कोरं उत्तर आलं आणि दार बंद झालं. वर सगळे तिला शोधत होते.

मी पट्टी आहे, मला धावता येत नाही. तुम्हाला येतं, म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. कुणी माझ्यासारखी पट्टी दाखवून मोठेपणा सांगू लागला, तर त्याला पिवळीचा प्रश्न विचारा: कुणी आलं का? आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी, नाहीतर शेजारच्या खोलीवर, पिंपळे गुरवातून मंजुळाबाईंचा डबा येत असेल, तर एवढं करा. रिकामा डबा परत देताना त्यांना सांगा, की करिष्मा अजून दवाखान्यातच आहे आणि तिच्यापाशी कुणी नाही.